रंग प्रीॲम्पचा, नाव मिक्सरचं

घरच्या घरी गाणी रेकॉर्ड करणाऱ्यांमध्ये ‘समिंग मिक्सर’चा मोठा बोलबाला आहे. गायन, गिटार, ढोलक, कीबोर्ड हे ट्रॅक संगणकातच मिसळण्याऐवजी वेगवेगळ्या तारांवरून बाहेर काढायचे, या खोक्यात एकत्र करायचे आणि तयार झालेली स्टिरिओ जोडी पुन्हा आत घ्यायची. त्यानं आवाज भरदार होतो, अशी ख्याती. नावाजलेल्या कंपन्यांचे खोके लाखाच्या पुढे जातात, म्हणून हौशी मंडळी ते स्वतः बांधतात. पॅसिव्ह जातीच्या खोक्याचं झाकण उघडलं, तर आत मुख्यतः रेझिस्टरच दिसतात.

सोळा चॅनेलचा साधा हिशेब बघा. आठ चॅनेल डावीकडे, आठ उजवीकडे. प्रत्येक चॅनेलच्या दोन तारांना १० किलोओहमचा एकेक रेझिस्टर, म्हणजे एकूण ३२. शिवाय प्रत्येक बाजूच्या बसवर, म्हणजे सगळे चॅनेल जिथे एकत्र येतात त्या दोन तारांच्या मध्ये, २०० ओहमचा एक. झाला मिक्सर! त्याला वीजसुद्धा लागत नाही. मात्र या वाटेनं येताना प्रत्येक आवाज मूळच्या साधारण शंभराव्या हिश्शावर येतो, म्हणजे जवळपास ४० डेसिबलनं पडतो. तो पुन्हा वर उचलायला दोन बाजूंना दोन मायक्रोफोन प्रीॲम्प लागतात. त्या २०० ओहममुळे प्रीॲम्पला वाटतं, समोर मायक्रोफोनच जोडलाय.

रेझिस्टरला स्वतःचा असा स्वभाव जवळजवळ नसतो. संगणकातली बेरीज तर त्याहून चोख. मग लोकांना आवडणारा तो भरदारपणा येतो कुठून? बराचसा प्रीॲम्पमधून.

यातलं सर्वांत गाजलेलं नाव १०७३. रूपर्ट नीव्ह यांच्या इंग्लंडमधल्या कंपनीनं हे मॉड्यूल १९७० साली बाजारात आणलं. आजही हौशी कारागिरांच्या टेबलावर सर्वांत जास्त नकला याच्याच होतात. त्याच्या शेवटच्या टप्प्यात २एन३०५५ हा शंकरपाळीच्या आकाराचा धातूचा ट्रान्झिस्टर आहे. आपल्याकडच्या जुन्या ॲम्प्लिफायरांत तो सर्रास असायचा, दुरुस्ती करणाऱ्यांना त्याचा नंबर तोंडपाठ. इथे तो क्लास ए पद्धतीनं चालतो. गाणं असो वा शांतता, त्यातून करंट वाहतच राहतो, त्यामुळे तो कायम तापलेला. पुढे आउटपुट ट्रान्सफॉर्मर. सिग्नल जोरात असला की खालच्या सुरांना त्याचा लोखंडी गाभा जरा दबतो आणि मूळ सुरात त्याच्या दुप्पट-तिप्पट कंपनांचे अंश मिसळतात. यालाच मंडळी ‘रंग’ म्हणतात.

असा प्रीॲम्प बांधायला लागणारे सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबापाशी मिळून जातात. ऑडिओचे ट्रान्सफॉर्मर मात्र इंग्लंडच्या कार्नहिलचे, स्वीडनच्या लुंडाहलचे नाहीतर अमेरिकेच्या जेन्सनचे मागवावे लागतात. खर्चाचा मोठा वाटा तिथेच जातो.

हातकाम निगुतीचं आहे. कंडेन्सर मायक्रोफोनला ४८ व्होल्ट पोचवणारे ६.८ किलोओहमचे दोन रेझिस्टर एकमेकांशी ०.४ टक्क्यांच्या आत जुळायला हवेत. नाहीतर दोन्ही तारांवर सारखीच आलेली खरखर पुरती कटत नाही. म्हणून एक टक्कावाले मूठभर आणायचे, मल्टिमीटर लावून एकेक मोजायचा आणि जोड्या लावायच्या.

दुसरा शत्रू हम. ५० हर्ट्झची घुमघुम बहुधा पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकी क्षेत्रातून शिरते. १०० हर्ट्झची गुरगुर ऐकू आली, तर सप्लाय आणि ग्राउंडची वायरिंग तपासायची. गोल टोरॉइड ट्रान्सफॉर्मर असेल, तर जुने हात त्याचा बोल्ट सैल ठेवतात, हेडफोन लावून तो बोटानं हळूहळू फिरवतात आणि हम जिथे सर्वांत कमी होतो तिथे बोल्ट आवळतात. हे करताना २३० व्होल्टची सगळी टोकं झाकलेली आणि पेटीला अर्थिंग दिलेलं हवंच. नवख्यानं पॉवर सप्लाय तयार घ्यावा, हे उत्तम.

बांधून झाल्यावर कस लावणंही सोपं आहे. एकच गाणं संगणकात आणि खोक्यातून असं दोनदा मिसळायचं, पातळी काटेकोर सारखी करायची आणि कोणतं कुठलं ते न सांगता आलटूनपालटून लावायला मित्राला सांगायचं. पातळी जुळवली नाही, तर जे जरा मोठ्यानं वाजतं तेच कानाला चांगलं वाटतं.

म्हणून क्रम असा ठेवावा: आधी प्रीॲम्पची एक चांगली जोडी, मग रेझिस्टरचा खोका. गाताना, वाजवताना ही जोडी रोज वापरात राहील. पुढे मिक्सरची हौस फिटली, तरी अडगळीत पडतील ते फक्त चौतीस रेझिस्टर, काही सॉकेट आणि एक डबा.