आपलीच पाठ, आपलीच थाप

आम्ही संशोधनपर लेख लिहितो तेव्हा शेवटी संदर्भांची यादी देतो. ज्या लेखाचा उल्लेख इतरांच्या याद्यांत वारंवार येतो, तो महत्त्वाचा असे सामान्यतः मानले जाते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज या दोन विद्यार्थ्यांनी हीच कल्पना महाजालाला लावली. एका वेबपानावरून दुसऱ्या पानाकडे दिलेला दुवा, म्हणजेच लिंक, हे त्यांनी शिफारसपत्र मानले. शिफारस करणारा जितका वजनदार, तितके शिफारशीचे मोल जास्त. पण त्याने दहा जणांची शिफारस केली असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला दहावा हिस्साच येणार. १९९८ साली मांडलेल्या या पद्धतीला पेजरँक म्हणतात. गूगल हे शोधयंत्र याच पायावर उभे राहिले. आज ते इतर अनेक गोष्टीही विचारात घेते, तरी दुव्यांचे महत्त्व संपलेले नाही.

आता शिफारस करणारा आणि शिफारस घेणारा एकच असेल तर? एका मालकाच्या अनेक वेबसाइट असू शकतात. त्याने त्या एकमेकींना जोडल्या तर काय होईल, ते आकडेमोड करूनच पाहू.

पेजरँकच्या मूळ सूत्रात प्रत्येक पानाला ०.१५ गुण आपोआप मिळतात. त्याच्याकडे दुवा देणाऱ्या प्रत्येक पानाचे गुण त्या पानावरील दुव्यांच्या संख्येने भागायचे, सर्व भागाकारांची बेरीज ०.८५ ने गुणायची आणि ती ०.१५ मध्ये मिळवायची. ज्या पानाकडे कोणीच दुवा देत नाही, त्याचे गुण ०.१५ च राहतात. समजा, मालकाने १०० पोकळ पाने तयार केली आणि प्रत्येकावरून फक्त आपल्या मुख्य पानाकडे दुवा दिला. मुख्य पानाचे गुण होतील ०.१५ + ०.८५ × १०० × ०.१५, म्हणजे १२.९. आता मुख्य पानावरून त्या शंभरांकडे उलट दुवे दिले, तर गुण आतल्या आत फिरत राहतात आणि मुख्य पान सुमारे ४६.५ वर पोहोचते. बाहेरच्या कोणीही शिफारस केलेली नाही, तरी मोल तीनशे पटींहून अधिक वाढले!

यात बिघडले काय? शोधयंत्राच्या यादीत पहिला क्रमांक एकच असतो. पोकळ पान वर चढले की कुणा शिक्षकाने मेहनतीने लिहिलेले ग्रहणावरचे पान खाली ढकलले जाते. माहिती शोधणारा विद्यार्थी तिथवर पोहोचतच नाही. फसवणूक यंत्राची दिसते, नुकसान मात्र त्या दोघांचे होते. म्हणूनच केवळ क्रम वाढवण्यासाठी दिलेले दुवे गूगलच्या नियमांत बसत नाहीत. एप्रिल २०१२ मध्ये आणलेल्या ‘पेंग्विन’ या सुधारणेने अशा अनेक वेबसाइट मागे टाकल्या.

मग स्वतःच्या वेबसाइट जोडूच नयेत काय? तसे मुळीच नाही. आम्हीही स्वतःच्या जुन्या लेखाचा संदर्भ देतो. नवे काम त्यावर उभे असेल तर तो द्यायलाच हवा. कसोटी अशी: शोधयंत्रे अस्तित्वातच नसती, तरी वाचकासाठी आपण हा दुवा दिला असता का? शाळेच्या वेबसाइटवरून त्याच शाळेच्या विज्ञान मंडळाच्या वेबसाइटकडे दिलेला दुवा या कसोटीला उतरतो. तोच दुवा प्रत्येक पानाच्या तळाशी शंभर वेळा छापला, किंवा पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत लपवला, तर उतरत नाही. दुव्याच्या शब्दांवरून पुढे काय मिळेल ते कळावे, आणि दोन्ही वेबसाइट एकाच्याच आहेत हे उघड सांगावे. केवळ सोयीसाठी दुवा हवा असेल, तर त्याला ‘नोफॉलो’ ही खूण जोडता येते. ही शिफारस समजू नये, असे तिच्यामुळे शोधयंत्राला कळते. २००५ पासून ही सोय उपलब्ध आहे.

वर्गात हा प्रयोग सहज करता येईल. पाच विद्यार्थ्यांना पाने माना, फळ्यावर बाणांनी दुवे दाखवा आणि प्रत्येकाला १ गुण देऊन सूत्र पुन्हा पुन्हा लावा. काही फेऱ्यांनंतर आकडे स्थिरावतात. मग दोघांना फक्त एकमेकांकडेच बाण दाखवायला सांगा आणि पुन्हा मोजा. शिफारस कमावणे आणि ती तयार करणे यांतला फरक विद्यार्थी स्वतःच सांगतील.