मध्येच विद्यापीठ बदलायचं म्हणजे...

मुलांनो, शाळा बदलणं तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. बाबांची बदली झाली, नव्या गावी घर मिळालं, जुन्या शाळेतून दाखला आणला, नव्या शाळेत दिला, की झालं! दोन-चार दिवस नवीन बाकावर अवघडल्यासारखं होतं, मग डबा खायला कुणीतरी शेजारी येऊन बसतंच. पण घरात कॉलेजला जाणारी ताई असेल, आणि ऐन वर्षाच्या मध्येच तिच्यावर विद्यापीठ बदलायची वेळ आली तर? तिथं हे इतकं सोपं नसतं बरं का! का नसतं, आणि त्याची तयारी कशी करायची, ते आज पाहू. आई-बाबांनीही हे पान जरूर वाचावं. धावपळ शेवटी त्यांनाच करायची असते.

आपण पिंपळगाव बसवंतचंच उदाहरण घेऊ. नाशिकपासून तीसेक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गावरचं हे द्राक्षांचं, टोमॅटोचं आणि कांद्याचं गाव. इथं मराठा विद्या प्रसारक समाजाचं कर्मवीर काकासाहेब वाघ महाविद्यालय आहे. ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेलं आहे. म्हणजे मुलगी शिकते पिंपळगावात, पण तिचं विद्यापीठ सुमारे अडीचशे किलोमीटर लांब, पुण्याच्या गणेशखिंडीत! आता याच महामार्गानं उलट्या दिशेला निघा. चांदवड गेलं, राहूडचा घाट गेला, मालेगाव गेलं, की धुळे जिल्हा लागतो. आणि रस्ता तोच असला तरी विद्यापीठ बदलतं. धुळ्याची कॉलेजं जळगावच्या विद्यापीठाला जोडलेली आहेत.

पूर्वी असं नव्हतं. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झालं, त्यानंतर कित्येक वर्षं नाशिक, धुळे, जळगाव हे सगळे जिल्हे पुण्याकडेच होते. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झालं आणि खानदेश तिकडे गेला. नाशिक जिल्हा मात्र पुण्याकडेच राहिला. (पुण्याच्या विद्यापीठाला २०१४ मध्ये सावित्रीबाईंचं आणि जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचं नाव मिळालं. दोन्ही विद्यापीठांना दोन बायांची नावं, हे मला फार आवडतं.)

आता समजा, पिंपळगावची एक ताई बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुळशीचं लग्न लागलं, मुहूर्त निघायला लागले आणि तिचं धुळ्याला लग्न ठरलं. इकडे कॉलेजचं पहिलं सत्रही साधारण तेव्हाच संपत आलेलं. घरातली मोठी माणसं म्हणतात, “त्यात काय! दाखला काढू, तिकडच्या कॉलेजात नाव घालू, दुसरं सत्र तिकडे.” बोलायला सोपं आहे. प्रत्यक्षात काय होतं? जानेवारीत दाखला काढतात, धुळ्याला जातात, तिथलं कॉलेज म्हणतं, “आता मध्येच जागा नाही, जूनमध्ये या.” जूनमध्ये घरात दुसरंच काही निघतं. आणि अर्ध्या वर्षासाठी म्हणून सुटलेलं कॉलेज कायमचं सुटतं. मुलगी हुशार नव्हती किंवा कुणाच्या मनात शिकवायचं नव्हतं, असं दर वेळी नसतं. पुष्कळदा कागद चुकीच्या क्रमानं हलवलेले असतात, एवढंच!

म्हणून पहिली गोष्ट ही, की जुन्या कॉलेजातून नाव काढायच्या आधी नव्या कॉलेजचा होकार मिळवायचा. तोंडी नव्हे, लेखी. कारण एकदा दाखला हातात पडला, की जुन्या कॉलेजातला प्रवेश संपला. नव्या ठिकाणी मिळाला नाही, तर ना घर का ना घाट का!

नवं कॉलेज ‘हो’ म्हणण्यापूर्वी दोन गोष्टी बघतं. एक, त्या वर्गात जागा रिकामी आहे का. दुसरी, ताई जे शिकून आली ते इथल्या अभ्यासक्रमाशी जुळतं का. ही दुसरी गोष्ट खरी अवघड. दोन्हीकडे रसायनशास्त्रच असेल, पण एका विद्यापीठानं एखादा भाग तिसऱ्या सत्रात ठेवलेला असतो, दुसऱ्यानं चौथ्यात. मग मध्येच उडी मारणाऱ्याला एक भाग दोनदा शिकावा लागतो आणि दुसरा शिकायचाच राहून जातो. त्यामुळे बहुतेक ठिकाणी सत्राच्या मध्ये सहसा घेत नाहीत. वर्ष पूर्ण करून, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला आलेल्या विद्यार्थ्याचा विचार जास्त सहज होतो. विद्यापीठानं जून २०२४ मध्ये वर्षातून दोनदा, जुलै-ऑगस्टला आणि जानेवारी-फेब्रुवारीला, प्रवेश द्यायला विद्यापीठ अनुदान आयोगानं परवानगी दिली आहे खरी. पण ती परवानगी आहे, सक्ती नाही. आपल्याला हवं ते विद्यापीठ तसं करतं का, हे विचारूनच पाऊल टाकायचं.

या जुळवाजुळवीसाठी हल्ली ‘क्रेडिट’ नावाचं माप आलं आहे. आठवड्याला एक तास असं सत्रभर, म्हणजे साधारण १५ तास वर्गात शिकलं, की एक क्रेडिट. प्रयोगशाळेत त्यासाठी दुप्पट तास. तीन वर्षांच्या पदवीला निदान १२० क्रेडिट लागतात. हे साठवायला २०२१ मध्ये ‘ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ सुरू झाली. नाव बँकेचं असलं तरी तिथं पैसे नसतात हं! परीक्षा पास झाली, की विद्यापीठ त्या विषयाचे क्रेडिट विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा करतं. आपले आपल्याला भरता येत नाहीत. सर्वसाधारणपणे सात वर्षांपर्यंत ते वापरता येतात. आपल्या राज्यात २०२४-२५ पासून विद्यापीठांशी जोडलेल्या कॉलेजांतही ही नवी पद्धत आली. त्यात पहिलं वर्ष नीट पुरं करून थांबलं तर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनी पदविका, अशी सोय आहे.

पण एक लक्षात घ्या. खात्यावर क्रेडिट आहेत म्हणून नवं कॉलेज जागा देतंच, असं नाही. आणि सत्राची परीक्षाच दिली नसेल, तर खात्यावर जमा तरी काय होणार? म्हणून ताईनं चालू सत्राची परीक्षा काहीही करून द्यावी. हळद परीक्षेच्या नंतर लागली तर आकाश कोसळत नाही!

आता कागद. दाखला, म्हणजे टी. सी., देतं कॉलेज. पिंपळगावहून नाशिकच्या कॉलेजात जायचं असेल तर विद्यापीठ तेच राहतं. विद्यापीठच बदलायचं असेल तर आणखी एक कागद लागतो, स्थलांतर प्रमाणपत्र. सगळे त्याला ‘मायग्रेशन’ म्हणतात. ते जुनं विद्यापीठ देतं. पूर्वी त्यासाठी एस. टी.नं पुणं गाठायचं, खिडकीशी उभं राहायचं, असा प्रकार होता. आता अर्ज ऑनलाइन करता येतो. तरी आज अर्ज आणि उद्या हातात, असं धरून चालू नये. शिवाय सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका आणि अभ्यासक्रमाची प्रत. ही शेवटची गोष्ट लोक हमखास विसरतात आणि नव्या कॉलेजात नेमकी तीच मागतात. मूळ कागद देण्याआधी प्रत्येकाच्या दोन-तीन झेरॉक्स काढून ठेवायच्या.

पैशांचंही बघायला हवं. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेनंतर तीस दिवस उलटले, की कॉलेज सोडलं तरी फी परत मिळत नाही, असा आयोगाचा २०१८ चा नियम आहे. डिसेंबरात बदलायचं म्हणजे जुनी फी गेली आणि नवी भरायची. त्या महिन्यांत द्राक्षबागेवर औषधांचा आणि मजुरीचा खर्च चालू असतो, माल निघून पैसा हाती यायला अजून अवकाश असतो. घरातल्या घरात हा हिशेब आधीच मांडलेला बरा. शिष्यवृत्ती असेल, तर तिचं पुढे काय होणार हेही जुन्या कॉलेजच्या कार्यालयात विचारून घ्यायचं.

आता तुम्हांला एका फार मोठ्या विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो. त्यालाही शिक्षण अर्ध्यावर सोडावं लागलं होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ मध्ये तिथून ते लंडनला आले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. जेमतेम वर्ष होतंय तोवर, १९१७ मध्ये, शिष्यवृत्तीची मुदत संपली. परत फिरणं भाग होतं. पहिलं महायुद्ध चालू होतं. त्यांचं सामान आणि पुस्तकं ज्या बोटीनं निघाली, ती बोट पाणतीराच्या हल्ल्यात बुडाली. नुकसानभरपाई म्हणून थॉमस कुक कंपनीकडून ६०० रुपये मिळाले. पुस्तकं गेली ती गेलीच.

पण एक गोष्ट बुडाली नव्हती. लंडन सोडण्यापूर्वी त्यांनी विद्यापीठाकडून परवानगी घेऊन ठेवली होती, की ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत आलो तर अभ्यास पुढे चालू करता यावा. मुंबईला आल्यावर त्यांनी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचीही मदत झाली. १९२० मध्ये, मुदत संपायला वर्षभर बाकी असताना, ते पुन्हा लंडनला हजर झाले! येताना कोलंबियातले त्यांचे प्राध्यापक सेलिग्मन यांचं शिफारसपत्रही कामाला आलं. १९२१ मध्ये एम. एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर, १९२३ मध्ये डी. एस्सी. चार वर्षांची ती परवानगी नसती, तर त्यांना तिथं पुन्हा पहिल्यापासून दार ठोठवावं लागलं असतं.

आणि कोलंबियाची पीएच. डी.? प्रबंध लिहून झाला होता, पण त्याच्या छापील प्रती सादर केल्याशिवाय पदवी द्यायची नाही, असा तिथला नियम होता. ग्रंथ १९२५ मध्ये छापून निघाला आणि पदवी मिळाली १९२७ मध्ये. कागद पुरा होईपर्यंत बाबासाहेबांनाही थांबावं लागलं, मग तुमच्या ताईला कार्यालयातल्या बाईंनी “उद्या या” म्हटलं तर तिनं रडू नये!

तेव्हा धुळ्याचं कॉलेज या वर्षी ‘नाही’ म्हणालं, तर ताईनं पिंपळगावचं नाव तसंच ठेवावं. प्राचार्यांना भेटून, अर्ज देऊन, हजेरीचं काय करता येईल ते विचारावं. पुष्कळ ठिकाणी ७५ टक्के हजेरीशिवाय परीक्षेला बसू देत नाहीत. चार महिने माहेरी राहून सत्र पुरं करणं शक्य असेल तर त्यासारखं उत्तम नाही. सासरच्या मंडळींशी हे बोलायचं ते लग्नाची बोलणी चालू असतानाच, मागाहून नव्हे. आणि तेही जमणार नसेल तर नाशिकचंच यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. ते १९८९ मध्ये सुरू झालं. त्याचं क्षेत्र सगळं महाराष्ट्र राज्य, त्यामुळे पुढे पुन्हा गाव बदललं तर विद्यापीठ बदलावं लागत नाही, फक्त अभ्यासकेंद्र बदलायचं. तिथं प्रयोगाचे विषय मिळतीलच असं नाही, ते मात्र आधी पाहायला हवं.

तुम्हां शाळेतल्या मुलांचं यापेक्षा पुष्कळ बरं आहे. पहिली ते आठवीपर्यंत, दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा तुम्हांला प्रवेश नाकारू शकत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात तसं लिहिलेलंच आहे, आणि मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा, असंही आहे. द्राक्षाच्या हंगामात पेठ-सुरगाण्याकडून निफाड, दिंडोरीच्या बागांत कामाला कुटुंबं येतात. त्यांच्याबरोबरची तुमच्या वयाची मुलं मध्येच तुमच्या वर्गात येऊन बसली, तर ती या कायद्यानं हक्कानं बसलेली असतात. त्यांना वही दाखवा, कुठवर शिकवून झालंय ते सांगा. अभ्यासक्रम जुळवण्याचं जे काम ताईच्या कॉलेजात एवढं अवघड होतं, ते वर्गात पाच मिनिटांत होतं.

राहता राहिलं नाव. दहावीची गुणपत्रिका, आधार कार्ड, क्रेडिटचं खातं या सगळ्यांवर नाव अक्षर न् अक्षर सारखं लागतं. लग्नानंतर घाईनं आधारवरचं नाव बदललं आणि गुणपत्रिकेवर माहेरचं राहिलं, की नवं कॉलेज अडून बसतं. पदवी हातात येईपर्यंत नाव बदलूच नये, असं माझं मत. तुमच्यापुरतं बोलायचं तर दहावीच्या परीक्षेआधी बोर्डाची प्री-लिस्ट शाळेत येते, त्यात तुमचं, वडिलांचं आणि आईचं नाव, जन्मतारीख छापलेली असते. सर “पटकन सह्या करा रे” म्हणतात आणि मुलं न वाचता करतात. तुम्ही इंग्रजी स्पेलिंगसकट वाचा, आधार कार्ड शेजारी धरून वाचा, चूक दिसली तर तिथंच सरांना सांगा. तेव्हा ती एका दुरुस्तीत सुटते.