उन्हाळ्यातील दूधघट आणि गाईचे कोठीपोट

चैत्राचे ऊन तापू लागले की दुभत्या जनावरांचे दूध कमी होते, हा गोपालकांचा नेहमीचा अनुभव आहे. दूध आटले की पेंड वाढवावी, अशी सर्वसाधारण समजूत असते. गारठ्याच्या दिवसांत ती काही अंशी खरी ठरते. उन्हाळ्यात मात्र वाढविलेला खुराक अनेकदा गुणाऐवजी अपाय करतो. त्याचे कारण जनावराच्या पोटात वस्ती करून असलेल्या सूक्ष्मजंतूंमध्ये आहे. या जंतूंवर उष्णतेचा परिणाम कसा होतो, हे समजून घेतल्यास पुष्कळशी हानी टाळता येण्यासारखी आहे.

कोल्हापूर जिल्ह्यात हा विषय विशेष महत्त्वाचा आहे. १९६३ साली कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची स्थापना झाली आणि दुधाचा जोडधंदा घरोघरी स्थिरावला. संस्थेत दुधाचा भाव स्निग्धांश व स्निग्धेतर घन पदार्थ यांवर ठरतो. त्यामुळे उन्हाळ्यात उत्पादकाचे नुकसान दुहेरी होते. समजा, एक संकरित गाय १२ लिटर दूध देते व त्यात ४ टक्के स्निग्धांश आहे. म्हणजे दिवसाला सुमारे ४८० ग्रॅम स्निग्धांश मिळतो. तीच गाय ९ लिटरांवर आली आणि स्निग्धांश ३.४ टक्के झाला, तर तो ३०६ ग्रॅमच भरतो. दूध पाव हिस्सा घटले, पण स्निग्धांश एक-तृतीयांशाहून अधिक गेला.

कोठीपोटातील वस्ती

गाय-म्हशीच्या पोटाचे चार कप्पे असतात : कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरे पोट. त्यांपैकी कोठीपोट सर्वांत मोठे. त्यातील द्रवाच्या एका थेंबात कोट्यवधी जिवाणू असतात. त्यांच्या जोडीला आदिजीव व बुरशीही असते. कडबा, पिंजर, वाढे यांतील तंतू पचविण्याचे सामर्थ्य गाईच्या स्वतःच्या पाचकरसांत नाही. ते काम हे जंतूच करतात.

चारा आंबवून जंतू मुख्यत्वे तीन आम्ले तयार करतात. ॲसेटिक आम्लापासून दुधातील स्निग्धांशाचा मोठा भाग बनतो. प्रोपियॉनिक आम्लापासून यकृतात ग्लुकोज होते व त्यातून दुधातील साखर तयार होते. ब्युटिरिक आम्लही उपयोगी पडते. गाईला लागणाऱ्या शक्तीपैकी सुमारे ७० टक्के शक्ती या आम्लांतून मिळते. शिवाय हे जंतू पुढे खऱ्या पोटात व आतड्यात पचतात आणि गाईला उत्तम प्रथिने पुरवितात.

या वस्तीला कोठीपोटाचा सामू साधारण ६ ते ७ च्या दरम्यान राहावा लागतो. आम्ले तर सतत तयार होत असतात. मग सामू टिकतो कसा? तो लाळेमुळे टिकतो. गाय दिवसाकाठी १०० लिटरांच्या आसपास लाळ गिळते. या लाळेत सोड्यासारखा क्षार, म्हणजे बायकार्बोनेट असतो. रवंथ जितका अधिक तितकी लाळ अधिक.

उष्णतेने बिघाड कसा होतो

उष्णता केवळ तापमापकावरून जोखू नये. हवेतील दमटपणाही पाहावा लागतो. त्यासाठी दोन तापमापक वापरतात : एक साधा, दुसरा ओले फडके गुंडाळलेला. दोहोंच्या अंशांची बेरीज करून तिला ०.७२ ने गुणावे व त्यात ४०.६ मिळवावेत. येणारा अंक ७२ च्या वर गेला की दुभत्या गाईला ताण पडू लागतो. भरपूर दूध देणाऱ्या गाईला तो ६८ च्या सुमारासच जाणवतो. दुपारी साधा तापमापक ३६ व ओला २४ अंश दाखवीत असेल, तर हा अंक सुमारे ८४ येतो. वळीव पडून गेल्यावर हवा २८ अंशांची वाटली, पण ओला तापमापक २५ वर असला, तर अंक ७९ होतो. अंगाला गार वाटणारी दमट हवाही गाईला सुखाची नसते, ती यामुळे.

अशा वेळी गाय धापा टाकते. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर निघून जातो. तोल सांभाळण्यासाठी मूत्रपिंडे बायकार्बोनेट मूत्रावाटे बाहेर टाकतात. म्हणजे लाळेला मिळावयाचा सोडा कमी होतो. जी लाळ बनते तीही तोंडावाटे गळून जमिनीवर पडते. रवंथ मंदावतो. कडबा पचताना शरीरात अधिक उष्णता निर्माण होते, म्हणून गाय कडबा टाळून पेंडीकडे वळते. दिवसभर उपाशी राहिलेली गाय रात्री एकदम अधाशीपणे खाते. पीठ व साखर झपाट्याने आंबते, आम्लाचा लोंढा येतो, आणि तो शमविण्यास लाळ पुरी पडत नाही.

सामू उतरला की तंतू पचविणारे जंतू प्रथम हटतात व लॅक्टिक आम्ल करणारे माजतात. ॲसेटिक आम्लाचे प्रमाण घटते आणि दुधातील स्निग्धांश खाली येतो. अशा स्थितीत आणखी पेंड वा धान्य घालणे म्हणजे जळत्या चुलीत लाकूड सारणेच होय.

आतडे व शरीरव्यापार

गाय कमी खाते म्हणून दूध घटते, एवढेच स्पष्टीकरण पुरेसे नाही. अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठातील संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गाईंचा एक गट उष्णतेत व दुसरा गारव्यात ठेवला. गारव्यातील गाईंना मुद्दाम तितकाच आहार दिला, जितका उष्णतेतील गाई खात होत्या. तुलनेअंती असे दिसून आले की, उष्णतेतील दूधघटीपैकी सुमारे ३५ टक्केच घट कमी खाण्यामुळे होती. उरलेली घट शरीरव्यापारातील बदलांमुळे होती.

हे बदल असे : उष्णता बाहेर टाकण्यासाठी रक्त कातडीकडे धावते व आतड्यास कमी पडते. आतड्याच्या अस्तरातील पेशींचे सांधे सैल होतात व जंतूंची विषे रक्तात शिरतात. त्यांच्याशी झुंजणाऱ्या पेशी ग्लुकोज खर्च करतात. एरवी अर्धपोटी गाय अंगातील चरबी वितळवून गुजारा करते आणि ग्लुकोज कासेसाठी राखते. उष्णतेत मात्र इन्शुलिनचे प्रमाण वाढते, चरबी पुरेशी मोकळी होत नाही, आणि कासेच्या वाट्याचे ग्लुकोज अन्यत्र संपते. ग्लुकोज घटले की दुधातील साखर घटते; साखर घटली की दुधात ओढले जाणारे पाणीही घटते.

शहरातील गोठे

मंगळवार पेठेसारख्या कोल्हापुरातील जुन्या, दाट वस्तीत जनावर बांधणाऱ्यास अडचणी अधिक असतात. पत्र्याचे बुटके छप्पर, तिन्ही बाजूंना भिंती व वाऱ्याचा अभाव यांमुळे गोठा संध्याकाळनंतरही तापलेला राहतो. अशा बंद गोठ्यात नुसते पाणी शिंपडल्यास दमटपणाच वाढतो. प्रथम वाऱ्याला वाट करून द्यावी. मग पाणी वापरावे. पत्र्यावर चुन्याचा पांढरा हात द्यावा. पत्र्यावर उसाचे पाचट पसरल्याने गारवा येतो, परंतु दाट वस्तीत आगीचा धोका असल्याने तेथे चुनाच बरा.

म्हशीची कातडी काळी व घर्मग्रंथी थोड्या. म्हणून तिला उन्हाचा त्रास लवकर होतो. कोल्हापुरात कट्ट्यावर म्हैस नेऊन गिऱ्हाइकासमोर धार काढण्याची रीत प्रसिद्ध आहे. उन्हाळ्यात तिला तापलेल्या डांबरी रस्त्यावरून नेऊ नये. ऊन उतरल्यावर, अंग भिजवून न्यावे. खिलारसारख्या देशी गाई ऊन अधिक सोसतात, तथापि सावली व पाणी त्यांनाही हवेच.

आणखी एक धोका लग्नसराईचा. मांडवातील उरलेला भात, पुऱ्या व जिलेबी वाया जाऊ नये म्हणून जनावरापुढे ओततात. आधीच लाळ कमी पडलेल्या कोठीपोटात हे अन्न काही तासांत तीव्र आम्लता निर्माण करते व जनावर दगावूही शकते. हे अन्न दुभत्या जनावरास देऊ नये, हेच श्रेयस्कर.

काय करावे

१. अंग चांगले भिजेल इतके पाणी एक-दोन मिनिटे मारून नंतर दहा-पंधरा मिनिटे पंख्याचा वारा द्यावा. ऊन असेतो हा क्रम पुनःपुन्हा चालवावा.

२. थंड, स्वच्छ पाणी अहोरात्र पुढे असावे. मोठी दुभती गाय उन्हाळ्यात दिवसाला १०० लिटरपर्यंत पाणी पिऊ शकते.

३. दिवसाच्या आहारापैकी सुमारे दोन-तृतीयांश आहार रात्री व पहाटे द्यावा. खुराक एकदम न देता तीन-चार वेळा विभागून, चाऱ्यात मिसळून द्यावा.

४. चारा कमी करू नये, चांगला निवडावा. गळीत हंगाम संपला की वाढे मिळेनासे होते. त्यापूर्वीच मका वा संकरित नेपियर गवताची तजवीज ठेवावी. चाऱ्यात बदल दोन-तीन आठवड्यांत हळूहळू करावा. जंतूंना नव्या चाऱ्याची सवय होण्यास तेवढा अवधी लागतो. कुट्टी अगदी बारीक करू नये, अन्यथा रवंथ घटतो.

५. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने मोठ्या दुभत्या गाईस रोज सुमारे १०० ते १५० ग्रॅम खाण्याचा सोडा खुराकात मिसळून द्यावा. मीठ व क्षारमिश्रणही चालू ठेवावे.

६. अधिक शक्ती द्यावयाची झाल्यास धान्य वाढविण्याऐवजी थोडी सरकी द्यावी. स्निग्ध पदार्थ पचताना उष्णता कमी निर्माण होते. मात्र त्यांचा अतिरेक झाल्यास तंतुपचन बिघडते.

७. आटलेल्या गाभण गाईलाही गारवा द्यावा. शेवटच्या दोन महिन्यांत ती तापली तर पुढील वेतातील दूध कमी भरते.

पारख

गाय सावलीत उभी असता तिच्या कुशीची हालचाल मिनिटभर मोजावी. श्वास ६० च्या वर गेले तर ताण पडला असे समजावे. ८० च्या वर गेल्यास ताबडतोब थंडावा द्यावा. विसावलेल्या जनावरांपैकी निम्मी तरी रवंथ करीत असावीत. शेण पातळ व फेसाळ झाले किंवा त्यात न पचलेले दाणे दिसू लागले, तर कोठीपोट बिघडले असे जाणावे. उन्हाचा परिणाम दुधात एक-दोन दिवसांनी दिसतो. म्हणून संस्थेच्या चिठ्ठीवरील स्निग्धांश उतरण्याची वाट न पाहता श्वास व रवंथ यांवर रोज लक्ष ठेवावे. उन्हाळ्यात दूध उतरले तर हात पेंडीच्या पोत्याकडे नेण्यापूर्वी गोठ्यातील वारा, पाणी आणि सावली तपासावी.