शब्द देण्यापूर्वी

मुलामुलींनो, आज ना उद्या तुम्ही शाळा सोडून कामाला लागाल. कोणी कारखान्यात जाईल, कोणी शिक्षक होईल, कोणी दुकानात हिशेब लिहील. नोकरी कशी मिळवावी, हे तुम्हांला पुष्कळ लोक सांगतील. पण एका ठिकाणाहून नेमणूक पत्र आल्यावर दुसरीकडे अर्ज करावा का, आणि केला तर कसा, हे फारसे कोणी सांगत नाही. या पाठात आपण तेच पाहू.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. भिवंडीत माझ्या वर्गात शिकलेला एक मुलगा संध्याकाळी घरी आला. त्याने आय.टी.आय.मध्ये फिटरचा अभ्यासक्रम पूर्ण केला होता. वडील यंत्रमागावर कामाला होते आणि मंदीमुळे माग निम्मे दिवस बंद असत. घराला त्याच्या पगाराची गरज होती. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याने त्याला नेमणूक पत्र पाठविले होते. सात दिवसांत होकार कळवायचा होता. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका कारखान्याची जाहिरात आली. दोन्ही कारखाने पंप बनवीत, म्हणजे ते एकमेकांचे स्पर्धक होते. दुसरा कारखाना मोठा होता व पगारही जास्त होता.

मुलगा म्हणाला, "सर, पहिल्या ठिकाणी होकार देऊन टाकतो आणि गुपचूप दुसरीकडेही अर्ज करतो. तिथे काम मिळाले तर इथे जाणारच नाही. चालेल ना?"

मी विचारले, "होकाराचे पत्र पाठवलेस का?"

"नाही सर. खिशातच आहे."

मला बरे वाटले. कारण सारा फरक त्या एका पत्राने पडतो.

आपल्या देशात कराराचा कायदा १८७२ साली झाला. त्याचा साधा अर्थ असा, की एकाने प्रस्ताव मांडावा आणि दुसऱ्याने तो स्वीकारावा, तेव्हा करार होतो. नेमणूक पत्र हा मालकाचा प्रस्ताव आहे. उर्दूत आपण त्याला पेशकश म्हणू. तुम्ही होकार दिला नाही, तोपर्यंत तुम्ही बांधलेले नाही. त्या काळात दुसरीकडे अर्ज करण्यात काहीच गैर नाही, मग तो मालक पहिल्याचा स्पर्धक का असेना. मात्र प्रस्तावात मुदत दिली असेल, तर ती संपताच प्रस्तावही संपतो. म्हणून गप्प बसून राहू नये. पोस्टाने पाठविलेला होकार मालकाच्या हाती पडण्यापूर्वी मागे घेता येतो. पण एकदा तो पोहोचला, की शब्द दिला गेला.

मग मुदत अपुरी वाटली तर काय करावे? ती मागावी. त्या मुलाने माझ्यासमोर बसून हे पत्र लिहिले :

"महोदय, आपले नेमणूक पत्र मिळाले. आपण मला संधी दिलीत, याबद्दल मी आभारी आहे. निर्णय घेण्यासाठी मला आणखी चार दिवसांची मुदत द्यावी, ही नम्र विनंती. आपला विश्वासू."

पाहा, यात खोटे काहीच नाही. आजारपणाचे निमित्त नाही, की गावाला गेल्याची सबब नाही. मालकाने चार दिवस दिले. दरम्यान मुलगा दुसऱ्या कारखान्यात मुलाखतीला गेला. तिथे त्याला विचारले, "दुसरीकडे काम मिळाले आहे का?" त्याने "होय" असे सांगितले. पगाराचा आकडा मात्र फुगवून सांगितला नाही. एका मालकाचे पत्र दाखवून दुसऱ्याकडून भाव वाढवून घेणे काही जणांना हुशारी वाटते. पण एकाच वसाहतीतील मालक एकमेकांना ओळखतात. खोटा आकडा एका फोनवर उघडा पडतो.

दुसऱ्या कारखान्याने सांगितले, की निकाल महिन्याने कळेल. चार दिवस संपत आले होते. मुलाने वडिलांशी बोलून पहिल्या ठिकाणी होकार दिला आणि तो ठरल्या दिवशी रुजू झाला. दुसरीकडे त्याने पत्र लिहून आपला अर्ज मागे घेतला.

याच्या उलट वागलेला मुलगाही मी पाहिला आहे. त्याने दोन्हीकडे होकार दिला आणि एका ठिकाणी गेलाच नाही. कळविलेही नाही. त्या मालकाने त्याच्यासाठी यंत्र रिकामे ठेवले होते आणि इतर उमेदवारांना नकार दिला होता. त्यानंतर दोन वर्षे त्या कारखान्यातून आमच्या शाळेच्या मुलांना बोलावणे आले नाही. चूक एकाची होती; दार अनेकांसाठी बंद झाले.

रुजू झाल्यावर पुढे कधी स्पर्धकाकडे जायचे असेल, तर आधी करार वाचावा. कल्याणच्या एका रेयॉन कारखान्यातील शिफ्ट सुपरवायझरने पाच वर्षांचा करार केला होता. टायरसाठी लागणारे सूत कसे बनवितात, याचे प्रशिक्षण त्याला कारखान्याने दिले होते. १९६४ मध्ये, मुदत संपण्यापूर्वीच, तो राजस्थानातील कोटा येथील तसाच माल काढणाऱ्या कारखान्यात जास्त पगारावर गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. १९६७ मध्ये न्यायालयाने कल्याणच्या कारखान्याचे म्हणणे मान्य केले. कराराची पाच वर्षे संपेपर्यंत तेच काम दुसरीकडे करण्यास त्याला मनाई झाली. पण नोकरी संपल्यावरही आयुष्यभर तो धंदा करू नये, अशी अट मात्र कायदा सहसा मानत नाही. कराराच्या कायद्याचे २७ वे कलम त्यासाठीच आहे. कष्ट करून पोट भरण्याचा माणसाचा हक्क कोणी लिहून घेऊ शकत नाही.

म्हणून सही करण्यापूर्वी तीन गोष्टी पाहा : करार किती काळाचा आहे, सोडताना किती दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि मध्येच सोडल्यास पैसे भरावे लागतात का. सरकारी नोकरीत असाल, तर दुसरीकडचा अर्ज आपल्या कार्यालयामार्फतच पाठवावा लागतो.

आता एक गमतीची गोष्ट. अर्ज, करार, नोकर, मालक हे शब्द उर्दू व मराठी या दोन्ही भाषांत आहेत. पण 'राजीनामा' या शब्दाने फसू नका. उर्दूत राजीनामा म्हणजे तडजोडीचा कागद; मराठीत राजीनामा म्हणजे इस्तीफा. कोणी "राजीनामा लिहून दे" म्हणाले, तर आधी नीट समजून घ्या!

तो फिटर पुढे तीन वर्षांनी मोठ्या कारखान्यात गेला. रीतसर राजीनामा आणि एक महिन्याची नोटीस देऊन गेला. निघताना जुन्या मालकाने त्याला अनुभवाचा दाखला दिला आणि सांगितले, "तुझ्या शाळेत आणखी कोणी असेल तर पाठव."

मुलांनो, चांगली नोकरी शोधण्यात लाज नाही. लाज आहे ती शब्द देऊन फिरविण्यात. उर्दूत ज्याला आपण वादा म्हणतो, त्यालाच मराठीत शब्द देणे म्हणतात. तो देण्यापूर्वी चार दिवस विचार करा. दिल्यावर मात्र पाळा.

स्वाध्याय

१. नेमणूक पत्र मिळाल्यावर दुसरीकडे अर्ज करणे केव्हा योग्य व केव्हा अयोग्य, ते लिहा.
२. दोन्हीकडे होकार देणाऱ्या मुलाच्या वागण्यामुळे कोणाकोणाचे नुकसान झाले?
३. तुम्हांला दुसरीकडे नोकरी मिळाली आहे, अशी कल्पना करून अर्ज मागे घेणारे पत्र लिहा.