साबण नव्हे, साबण टिकवणारं रसायन

भांडी घासायचं लिक्विड, शांपू, ओले वाइप्स, भिंतीचा इमल्शन रंग, सीएनसी मशीनवरचं कूलंट. या सगळ्यांत पाणी असतं, आणि पाणी आलं की जंतू नि बुरशी आलीच. म्हणून त्यांत प्रिझर्व्हेटिव्ह घालावंच लागतं. त्यातलं त्वचेला फार सतावणारं एक म्हणजे मिथाइलआयसोथायाझोलिनोन, थोडक्यात एमआय.

एमआयचा रेणू इतका लहान असतो की तो त्वचेच्या वरच्या थरातून आत शिरतो. एवढ्याशा रेणूकडे प्रतिकारयंत्रणा एरवी ढुंकूनही पाहत नाही. पण आत गेल्यावर तो प्रथिनाला चिकटतो, आणि आपलंच प्रथिन परकं वाटू लागतं. त्वचेतल्या लँगरहान्स पेशी ते उचलून लसिकाग्रंथीपर्यंत नेतात आणि तिथे त्याला ओळखणाऱ्या टी-पेशी तयार होतात. याला दहा-पंधरा दिवस लागतात. तोवर हातावर काहीच दिसत नाही. पुढच्या संपर्कानंतर मात्र एक-दोन दिवसांत लाली, खाज, बारीक पाण्याचे फोड आणि मग भेगा.

'इतकी वर्षं हेच वापरतेय, आताच कसं बाधेल?' असं अनेकजणी विचारतात. बाधतं, कारण ओळख कधीही पटू शकते. सतत ओल्या, कोरड्या पडून चिरलेल्या हातांवर तर लवकरच. आणि एकदा पटलेली ओळख सहसा पुसली जात नाही.

युरोपात पूर्वी एमआय दुसऱ्या एका रसायनाच्या जोडीने, दहा लाख भागांत जेमतेम चार भाग, एवढंच वापरलं जाई. 2005 मध्ये सौंदर्यप्रसाधनांत ते एकटं, 100 भागांपर्यंत वापरायला परवानगी मिळाली. लोक पॅराबेन या दुसऱ्या प्रिझर्व्हेटिव्हला घाबरत होते, तेव्हा पर्याय हवाच होता. रुग्ण वाढले. अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संघटनेने 2013 चा 'ॲलर्जन ऑफ द इयर' म्हणून एमआयची निवड केली. 2017 पासून युरोपात लावून ठेवायच्या क्रीममध्ये त्याला बंदी आली. त्याच संघटनेने 2019 मध्ये पॅराबेनला 'नॉन-ॲलर्जन' ठरवलं! 'पॅराबेन-फ्री' वाचून हुरळून जाणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

निदानाला रक्ताची ॲलर्जी टेस्ट कामाची नाही. ती वेगळ्या, तात्काळ उठणाऱ्या ॲलर्जीची. इथे लागते पॅच टेस्ट. छोट्या वाट्यांत संशयित पदार्थ भरून ते चिकटपट्टीने पाठीवर लावतात. 48 तास पाठ भिजू द्यायची नाही, घामही शक्यतो नको. पट्ट्या काढल्यावर एकदा आणि चौथ्या दिवसाच्या सुमारास पुन्हा पाहतात, कारण काही वाट्यांखालची लाली उशिरा उठते. एमआय स्वतंत्र वाटीत लावलंय ना, हे विचारून घ्यावं. एमआय आणि त्या जोडीच्या रसायनाच्या नुसत्या मिश्रणाच्या चाचणीत काही रुग्ण सुटतात.

नाव कळलं की शांपू-क्रीमच्या लेबलवर ते शोधता येतं. रंगाचं मात्र अवघड. नव्या रंगातलं एमआय हवेत उडतं, त्यामुळे ब्रश न धरताही पापण्या सुजू शकतात. एमआयची ॲलर्जी असलेल्या माणसाने काही आठवडे त्या खोलीत झोपू नये. आणि कारखान्यात कूलंटला वास मारू लागला की टाकीत वरून बायोसाइड, म्हणजे जंतू मारणारं रसायन, ओततात. ते कोणतं, हे ऑपरेटरने सुपरवायझरकडून लिहून घेऊन डॉक्टरांना दाखवावं.