कानातील नाद, सायंकाळचा चहा आणि रात्रीची झोप

रात्री दहाच्या सुमारास गोंदियाची बाजारपेठ निवते. दुकानांची शटर खाली आलेली असतात, दिवसाचा हिशेब जुळलेला असतो, घरातील वडीलधाऱ्यांचा चौविहार केव्हाच झालेला असतो. जंक्शनवरून जाणाऱ्या एखाद्या गाडीचा आवाज येतो आणि विरून जातो. दिवे मालवले जातात, घर शांत होते, आणि दिवसभर ग्राहकांच्या वर्दळीत दबून राहिलेला एक आवाज आता स्पष्ट ऐकू येऊ लागतो. कोणाला तो रातकिड्यांच्या किरकिरीसारखा वाटतो, कोणाला कुकरच्या लांबलेल्या शिटीसारखा, तर कोणाला दूर कोठेतरी मोटार चालू असल्यासारखा. शेजारी झोपलेल्या जीवनसाथीला मात्र यातले काहीच ऐकू येत नाही.

या नादाने त्रस्त झालेली माणसे बहुधा तीन मार्ग धरतात. कोणीतरी सांगितले म्हणून चहा एकदम बंद करतात. रात्री मोडलेली झोप दुपारी भरून काढू पाहतात. आणि शांत बसले की नाद वाढतो म्हणून सामायिक टाळू लागतात. तिन्ही मार्ग स्वाभाविक असले, तरी संशोधन आणि अनुभव यांच्या कसोटीवर ते पूर्णपणे उतरत नाहीत. नादामागे धावण्यापेक्षा रात्रीची झोप सांभाळावी, हाच या विषयातील सर्वांत उपयोगी धडा आहे.

नादाचा उगम

आयुर्वेदाने या विकाराला ‘कर्णनाद’ असे नेमके नाव दिले आहे. सुश्रुतसंहितेतील अठ्ठावीस कर्णरोगांत त्याची गणना होते. भेरी, मृदंग, शंख यांसारखे नाना ध्वनी रुग्णाला ऐकू येतात, असे वर्णन माधवनिदानात आढळते. आधुनिक वैद्यक त्याला टिनिटस म्हणते. जगभरातील अनेक अभ्यास एकत्र करून २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार सुमारे १४ टक्के प्रौढांना कर्णनादाचा अनुभव येतो. ही संख्या ७४ कोटींहून अधिक भरते आणि त्यांपैकी १२ कोटींहून अधिक लोकांना त्याचा तीव्र त्रास होतो.

बहुतेक वेळा या नादाच्या मुळाशी ऐकण्याची घटलेली शक्ती असते. वाढते वय किंवा मोठ्या आवाजाचा दीर्घ सहवास यांमुळे अंतर्कर्णातील सूक्ष्म केसांसारख्या पेशी झिजतात. त्यांच्याकडून येणारे संदेश क्षीण झाले, की मेंदू आपली संवेदनशीलता वाढवतो. रेडिओवर दूरचे केंद्र ऐकण्यासाठी आवाज वाढवला म्हणजे जशी खरखर वाढते, तसेच काहीसे येथे घडते.

धान आणि राईस मिल यांवर ज्या नगरीचा व्यापार उभा आहे, तिला हा विषय परका नाही. ईशान्य भारतातील आठ राईस मिलमध्ये झालेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. तेथे आवाजाची पातळी ७८ ते ९२ डेसिबल इतकी आढळली. साळ काढणारी रबर-रोलची यंत्रे, चाळण्या आणि उघड्या मोटारी हे त्या आवाजाचे मुख्य उगम होते. आठ तासांच्या कामासाठी आपल्या देशातील मर्यादा ९० डेसिबल आहे. परंतु ८५ डेसिबलच्या पुढे रोज काम करणाऱ्याच्या कानांना धोका संभवतो, असे तज्ज्ञ मानतात. मिलच्या कार्यालयात बसणाऱ्या शेठजींपेक्षा यंत्राजवळ उभा राहणारा कामगार या आवाजाला कितीतरी अधिक काळ सामोरा जातो. त्याला कान झाकण्याचे साधन देणे आणि त्याच्या श्रवणाची वेळोवेळी तपासणी करवणे, हे अहिंसेच्या आचारापासून दूरचे काम नाही.

चहा सोडावा का?

कर्णनादाच्या रुग्णाला सर्वप्रथम मिळणारा सल्ला म्हणजे चहा-कॉफी सोडण्याचा. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील संशोधकांनी हा सल्ला तपासून पाहिला. कर्णनाद असलेल्या आणि नियमित कॅफीन घेणाऱ्या ६६ जणांचे त्यांनी तीस दिवस निरीक्षण केले. या काळात प्रत्येकाला काही दिवस कॅफीन दिले गेले आणि काही दिवस दिले गेले नाही. कोणते दिवस कोणते, हे त्यांना ठाऊक नव्हते. २०१० साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष स्पष्ट होता. कॅफीन सोडल्याने कर्णनाद कमी झाला नाही. उलट ते सुटल्यामुळे होणारा त्रास मात्र सहन करावा लागला. अमेरिकेत ६५ हजारांहून अधिक परिचारिकांचा अठरा वर्षे पाठपुरावा करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१४ साली आले. दिवसाला ४५० ते ५९९ मिलिग्रॅम कॅफीन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये नव्याने कर्णनाद होण्याचे प्रमाण १५० मिलिग्रॅमहून कमी घेणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे १५ टक्के कमी होते.

याचा अर्थ चहा हे कर्णनादाचे औषध आहे, असा काढू नये. अशा पाहणीतून कार्यकारण सिद्ध होत नाही. प्रकृतीही एकसारख्या नसतात. चहा कमी केल्याने बरे वाटले, असे सांगणारे रुग्णही आहेत. चहा कमी करून पाहण्यास हरकत नाही. मात्र तो एका दिवसात तोडू नये. रोजचे कॅफीन अचानक बंद झाले, की बारा ते चोवीस तासांत डोके दुखू लागते, चिडचिड होते, मन एकाग्र होत नाही. पहिल्या दोन दिवसांत हा त्रास शिखरावर असतो आणि काहींना तो आठवडाभरही टिकतो. अशा अस्वस्थ अवस्थेत कानातील नाद अधिक बोचतो.

पर्युषणात उपवास किंवा अठ्ठाई करणाऱ्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. पहिल्या उपवासाच्या दुपारी उठणारी डोकेदुखी पुष्कळदा भुकेपेक्षा सुटलेल्या चहाची असते. पर्वाच्या दहा-बारा दिवस आधीपासून दर दोन-तीन दिवसांनी एक कप कमी करीत गेल्यास तपाचे पहिले दिवस सुसह्य होतात, आणि कर्णनाद असणाऱ्याची रात्रही बिघडत नाही.

चहा कानाला नाही, तर झोपेला भिडतो

चहाचा कर्णनादाशी खरा संबंध झोपेच्या वाटेने येतो. दिवसभर जागे राहिल्याने मेंदूत अॅडिनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि तेच झोप आणते. कॅफीन त्याची जागा अडवून बसते. शरीरातील निम्मे कॅफीन निघून जाण्यास साधारण पाच तास लागतात. झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफीनमुळे रात्रीची झोप एक तासाहून अधिक घटल्याचे २०१३ सालच्या एका प्रयोगात दिसले. ही मात्रा मोठी होती, हे खरे. चहाच्या लहान कपात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफीन असते. पण पेढीवर येणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याबरोबर एकेक कप होत गेला, तर सायंकाळपर्यंत सात-आठ कप सहज भरतात आणि ज्येष्ठांची झोप तर मुळातच हलकी असते.

झोप आणि नाद यांचे नाते दुहेरी आहे. नादामुळे झोप मोडते; झोप मोडली की दुसऱ्या दिवशी मन हळवे होते आणि तोच नाद अधिक असह्य वाटतो. ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी २०२२ साली असा विचार मांडला, की गाढ झोपेत मेंदूत उठणाऱ्या मोठ्या, संथ लहरी नादाला जन्म देणाऱ्या हालचालीला तात्पुरते दाबून टाकत असाव्यात. हा विचार अजून पूर्णपणे सिद्ध व्हायचा आहे. तरीही गाढ झोप मिळाली की दुसरा दिवस सुसह्य जातो, हा अनुभव अनेक रुग्ण सांगतात.

येथे चौविहाराचे स्मरण होते. चौविहाराचा हेतू जीवदया आणि संयम हा आहे. आरोग्यलाभ हे त्याचे आनुषंगिक फळ म्हणावे. सूर्यास्तानंतर पाणीही न घेणाऱ्याच्या पोटात रात्रीचा चहा जात नाही आणि झोपताना पोटही जड राहत नाही. मात्र एक बारकावा आहे. गोंदियात डिसेंबरमध्ये सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये मात्र सातला थोडाच अवकाश उरतो. उन्हाळ्यात साडेसहाला घेतलेल्या चहातील निम्मे कॅफीन रात्री साडेअकरालाही शरीरात असते. कर्णनाद असणाऱ्याने शेवटचा चहा ऋतू कोणताही असो, दुपारी तीन-चारच्या आत आटोपावा आणि सायंकाळच्या भोजनासोबत दूध किंवा साधे उकळलेले पाणी घ्यावे.

दुपारची डुलकी

विदर्भातील उन्हाळ्यात दुपारी बाजार मंदावतो आणि जेवणानंतर डोळे मिटणे ओघानेच येते. या झोपेचा कर्णनादावर होणारा परिणाम माणसागणिक बदलतो. काहींना उठल्यावर हलके वाटते, काहींना काहीच फरक जाणवत नाही, तर काहींच्या कानातील नाद उठताक्षणी वाढलेला असतो. डॉक्टरांसाठी २००७ साली तयार झालेल्या आंतरराष्ट्रीय प्रश्नावलीत ‘दुपारच्या झोपेने नाद वाढतो, कमी होतो की तसाच राहतो?’ अशा आशयाचा प्रश्न मुद्दाम घातलेला आहे.

म्हणून ज्याने-त्याने आपली परीक्षा आपणच करावी. व्यापारी घरात रोजमेळ लिहिण्याची सवय असतेच. तसाच एक लहान रोजमेळ पंधरा दिवस ठेवावा. चहा किती आणि केव्हा, दुपारची झोप किती मिनिटे, रात्री निजण्या-उठण्याची वेळ आणि दुसऱ्या दिवशी नादाचा त्रास दहापैकी किती, एवढेच लिहावे. दुपारची झोप वीस-तीस मिनिटांची आणि तीन वाजण्याच्या आत असावी. तासा-दीड तासाची झोप रात्रीच्या झोपेच्या खात्यातून उचल घेते. झोपेत मोठ्याने घोरणे, श्वास अडखळणे आणि सकाळी उठल्यावरही थकवा जाणवणे अशी लक्षणे असल्यास झोपेतील श्वासरोधाची तपासणी करून घ्यावी. कर्णनाद असणाऱ्यांत हा विकार अधिक आढळतो.

सामायिकातील शांतता

अनेक ज्येष्ठांची खरी व्यथा सामायिकाची असते. ४८ मिनिटांच्या त्या शांततेत नाद उसळून येतो, चित्त विचलित होते आणि ‘आपल्याकडून आता आराधना होत नाही’ असे वाटू लागते. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या दोन अमेरिकी संशोधकांनी ऐकण्याची शक्ती उत्तम असलेल्या ८० जणांना एकेक करून ध्वनिरोधक खोलीत बसवले. त्यांपैकी ९४ टक्के लोकांना काही मिनिटांतच कानात कोणता ना कोणता आवाज ऐकू आला. पूर्ण शांततेत नाद ऐकू येणे हा साधनेतला दोष नाही. तो देहाचा धर्म आहे.

सामायिक सोडण्याऐवजी बैठक बदलावी. पक्ष्यांचे, झाडांच्या पानांचे आवाज येतील अशा खिडकीजवळ बसावे. मौन जपाऐवजी मंद स्वरात स्तोत्रपाठ किंवा स्वाध्याय करावा. आपलाच स्वर कानाला आधार देतो. शक्य असेल तर उपाश्रयात सर्वांसमवेत बसावे. रात्री झोपताना पंख्याचा हलका आवाज पुरतो. पौषधाच्या रात्री पंखा नसतो आणि नाद वाढल्यासारखा वाटतो, त्याने घाबरून जाऊ नये. नवकार गणता गणता झोप लागते, हा अनेक घरांतील जुना अनुभव आहे.

तपासणी केव्हा?

नाद एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, सोबत चक्कर येत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाण्यास विलंब करू नये. एका कानाचे ऐकणे अचानक गेल्यास त्याच दिवशी दाखवावे, कारण त्यावरील उपचार पहिल्या काही दिवसांतच गुणकारी ठरतो. इतरांनीही एकदा श्रवणचाचणी करून घ्यावी. गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कधी कधी सारा त्रास साचलेल्या मळाचा निघतो. तपासणीपूर्वी कानात कोमट तेल घालू नये. ऐकणे कमी झाले असेल तर श्रवणयंत्र लावण्यात संकोच नसावा. बाहेरचे आवाज परत आले की आतला नाद मागे सरतो. जाहिरातींतील गोळ्यांपासून दूर राहावे. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संस्थेने २०१४ साली दिलेल्या मार्गदर्शनात जिंको, जस्त, मेलाटोनिन यांसारख्या पूरक गोळ्या या विकारासाठी देऊ नयेत असे म्हटले आहे. नादाविषयीची भीती आणि विचारांची सवय बदलणाऱ्या वर्तनोपचाराची शिफारस मात्र त्यात आहे.

घरातील माणसांचा वाटाही मोठा आहे. ‘आम्हाला तर काही ऐकू येत नाही’ या एका वाक्याने वडील एकटे पडतात. त्यांचा सायंकाळचा चहा दुपारी ठेवणे, दुपारी वीस मिनिटांनी त्यांना हलकेच उठवणे, रात्री त्यांच्या खोलीजवळ दूरदर्शनचा आवाज कमी करणे, एवढे सुनेला-नातवाला सहज जमते. नाद कदाचित पूर्णपणे जाणार नाही. पण झोप सुधारली की त्याची धार बोथट होते, आणि ४८ मिनिटांचे आसन पुन्हा घातले जाते.