खिशांतील भूमापक



एखादी वस्तु नेमकी कोठें आहे हें सांगणें दिसावयास सोपें. पण दुसऱ्या कोणासहि ती जागा पुन्हां सांपडावी अशा रीतीनें तें लिहून ठेवणें मोठ्या कष्टाचें काम होय. १८०२ सालीं विल्यम लॅम्बटन यानें मद्रासजवळ आधाररेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणास आरंभ केला, तेव्हां त्याचें कोन मोजण्याचें यंत्रच सुमारें अर्धा टन वजनाचें होतें. आज गांवच्या विहिरींची यादी करणारे विद्यार्थी, वनस्पतींचा शोध घेणारे अभ्यासक व पिकांची नोंद करणारे शेतकरी हेंच काम हातांतील स्मार्टफोनवर करतात. या लहानशा साधनावर कितपत विसंबावें, एवढाच विचार आज आपणांस करावयाचा आहे.

प्रथम त्याचें मर्म पाहूं. जीपीएस ही अमेरिकेची योजना. तिच्यांतील उपग्रह सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोंवती फिरतात, आणि प्रत्येकांत अत्यंत अचूक असें अणुघड्याळ बसविलेलें असतें. "मी अमुक ठिकाणीं आहें व आतां अमुक वेळ झाली आहे," असा संदेश प्रत्येक उपग्रह अखंड पाठवीत असतो. तो प्रकाशाच्या वेगानें येतो. येण्यास किती वेळ लागला यावरून फोन त्या उपग्रहाचें अंतर काढतो. बीजगणितांत अज्ञातें जितकीं, समीकरणेंहि तितकींच लागतात. येथें अक्षांश, रेखांश व उंची हीं तीन अज्ञातें. आणि फोनचें घड्याळ साधें असल्यामुळें त्याची चूक हें चौथें. म्हणून निदान चार उपग्रह दिसावे लागतात. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतरांत ३०० मीटरांचा फरक पडतो, यावरून या घड्याळांचें महत्त्व ध्यानीं येईल.

यावरून आणखी एक गोष्ट निघते. फोन उपग्रहांस कांहीं कळवीत नाहीं. तो केवळ ऐकतो. त्यामुळें इंटरनेट नसलेल्या डोंगरांतहि त्याला आपली जागा कळते. मात्र पडद्यावरील नकाशा इंटरनेटवरून येतो, तो निघण्यापूर्वीं उतरवून घ्यावा. टॅबलेट वापरणारांनीं आणखी एक खात्री करून घ्यावी. केवळ वायफायवर चालणाऱ्या कांहीं टॅबलेटांत जीपीएसचें ग्राहकयंत्रच नसतें.

आतां अचूकतेकडे वळूं. मे २००० पर्यंत अमेरिकन सरकार सर्वसामान्यांस मिळणारा संदेश मुद्दाम बिघडवीत असे. तें बंद झाल्यापासून स्थिति पुष्कळ सुधारली. उघड्या आभाळाखालीं चांगला फोन सुमारें ५ मीटरांच्या आंत जागा दाखवितो. दाट झाडीखालीं, उंच इमारतींच्या गल्लींत किंवा अरुंद दरींत संदेश अडतात, भिंतींवर आपटून वळसा घेऊन येतात, आणि चूक वाढते. अँड्रॉइड फोन जागेबरोबर अचूकतेचा एक आंकडाहि देतो. तो ५ मीटर असला तर खरी जागा त्या ५ मीटरांच्या वर्तुळांत असण्याचा संभव शंभरांत अडुसष्ट, इतकाच त्याचा अर्थ. उरलेल्या बत्तीस वेळां ती वर्तुळाबाहेर असूं शकते.

हा भेद किती महत्त्वाचा आहे, तें शेतावर कळतें. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रांत ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी आपल्या शेतांत उभा राहून पिकाचें छायाचित्र घेतो, व जागेची नोंदहि त्यासोबत जाते. कोणत्या गटांत कोणतें पीक आहे, एवढाच येथें प्रश्न असतो. त्याला फोन बहुधा पुरेसा होतो. पण तोच फोन घेऊन कोणी बांधाचा तंटा सोडवूं लागला तर काय होईल? एक गुंठा म्हणजे सुमारें १०१ चौरस मीटर. १० गुंठ्यांचा चौरस तुकडा घेतला तर त्याची बाजू सुमारें ३२ मीटर भरते. एक बाजू ५ मीटर सरकली कीं १६० चौरस मीटर, म्हणजे दीड गुंठ्याहून अधिक जमीन, इकडची तिकडे होते! एवढ्यावरून भावाभावांचें बोलणें तुटतें व पिढ्यान्‌पिढ्या कोर्टकचेऱ्या चालतात. हद्द ठरविणें हें भूमि अभिलेख खात्याच्या मोजणीचें काम. तेथें स्थिर केंद्रांशीं ताडून पाहणारीं, कांहीं सेंटीमीटरांपर्यंत अचूक अशीं यंत्रें वापरतां येतात. फोनवरील रेघ दाखवून शेजाऱ्याशीं भांडूं नये.

फसगत होते ती आंकड्यांच्या थाटामुळें. पडद्यावर दशांशचिन्हापुढें सात-आठ अंक झळकतात. अक्षांशाच्या अंशाचा पांचवा दशांश म्हणजे सुमारें १.१ मीटर, आणि सहावा सुमारें ११ सेंटीमीटर. ज्या साधनाची चूक ५ मीटर, त्याचे पांचव्यापुढील अंक केवळ शोभेचे होत.

मग नोंद करावी कशी? जागेवर पोंचतांच बटण दाबूं नये. मिनिटभर स्थिर उभें राहून अचूकतेचा आंकडा स्थिरावूं द्यावा, व तोहि जागेबरोबर लिहावा. ओडीकेसारख्या पाहणीच्या प्रणालींत, चूक ठराविक मीटरांपेक्षां कमी झाल्यावरच जागा नोंदावी, अशी अट आधींच घालतां येते. सर्वांनीं एकाच पद्धतीनें अंश लिहावेत. १८ अंश ३० मिनिटें म्हणजे १८.५० अंश, तें कोणी १८.३० असें लिहिलें तर विहीर सुमारें २२ किलोमीटर दूर जाऊन पडते! जुन्या सरकारी नकाशांशीं मेळ घालतांना आणखी सावध असावें. ते एव्हरेस्टच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या पृथ्वीच्या मापांवर आधारलेले आहेत, आणि जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या मापांवर चालतें. रूपांतर केल्यावांचून दोन्ही जुळत नाहींत. शिवाय वहींत एक ओळ अवश्य लिहावी: "देवळाच्या पूर्वेस, चिंचेखालीं." बॅटरी संपली तरी ती ओळ राहते, आणि आंकडा चुकला असल्यास तीच तो पकडून देते.

शेवटीं, नोंदलेली प्रत्येक जागा जगजाहीर करूं नये. दुर्मिळ वनस्पतीचें नेमकें ठिकाण चोराच्याहि उपयोगीं पडतें, व कोणाच्या घराचें स्थान ही त्या कुटुंबाची खासगी बाब आहे. अशा ठिकाणीं प्रसिद्ध करतांना दशांशाचे अंक कमी करावेत.

तात्पर्य, जागेचा आंकडा एकटा लिहिला तर तें अर्धें सत्य होतें. त्याच्याशेजारीं तो किती चुकूं शकतो हें लिहिलें म्हणजे तो पुरावा ठरतो. मुलांच्या हातीं फोन आहेच. त्याच्याबरोबर एवढी एक संवय त्यांना लावली, तर तीं आपल्या गांवचा विश्वसनीय नकाशा स्वतः तयार करूं शकतील.